नगर ते गणेशखिंड

मुलांनो, नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर. सुपे मागे पडले, घोड नदीचा पूल ओलांडला, की आपला जिल्हा संपतो आणि शिरूर लागते. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एस.टी.त बसल्यावर तोंडातून नगरच निघते!) दिवाळीनंतर गेलात, तर घोडकाठी उसाचे फड आणि तोडणी करणाऱ्या टोळ्या दिसतील. पाथर्डी-शेवगावच्या मुलांना टोळी म्हणजे काय हे मी काय सांगणार? कित्येकांचे आई-वडीलच तोडीला जातात. दहा कोयते एकदम चालले की फड लवकर तुटतो. पण गाडीत चढायला फळी एकच असेल, तर बाकीचे डोक्यावर मोळी घेऊन खाली खोळंबतात. ही फळी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पुण्यात उतरू आणि गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात जाऊ. १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या संस्थेचा जुना पत्ता हाच. तेव्हा भारताला मोठाल्या गणितांसाठी महासंगणक हवा होता. हवा तसा ‘क्रे’ महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? एकच राक्षसी मेंदू बनवण्याच्या मागे ते लागलेच नाहीत. ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या छोट्या ब्रिटिश चिपा त्यांनी घेतल्या. प्रत्येकीला शेजारणींशी बोलायला चार वाटा. अशा ६४ चिपांची टोळी जुंपली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. मुदत तीन वर्षांची, खर्च सुमारे ३० कोटी. महासंगणकाच्या मानाने हे स्वस्तच म्हणायचे.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाचे गुपितही हेच. पांढऱ्याची पहिली चाल २० प्रकारे करता येते, काळ्याचे उत्तरही २० प्रकारे. झाले ४००. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत डाव १,९७,२८१ वाटांनी जाऊ शकतो! १९९७ मध्ये कास्पारोवला हरवणाऱ्या ‘डीप ब्लू’त बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या ४८० चिपा होत्या. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तो तपासायचा.

आज साध्या प्रोसेसरमध्येही चार-सहा कोअर असतात. एक कोअर म्हणजे एक कोयता समजा. मग आठ कोअर घेतले की खेळ आठपट चांगला? नाही हो! एका कोअरला एखादी चाल वाईट असल्याचे कळेपर्यंत दुसरा तिच्याच पुढच्या वाटा शोधत बसलेला असतो. त्याचे कष्ट वाया. इथेच ती फळी आडवी येते.

आता पालकांसाठी दोन शब्द. नुसते बुद्धिबळ शिकायचे असेल, तर नवा संगणक घेऊच नका. ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि साध्या फोनवरही तो जगज्जेत्याला भारी पडतो. कर्ज काढून यंत्र आणण्यापेक्षा क्लबाची वर्गणी भरलेली बरी. तरीही डावांची खोल तपासणी करायला संगणक जुळवायचाच असेल, तर पैसा प्रोसेसरवर घाला. दुकानदार महागडे ग्राफिक्स कार्ड पुढे करील. स्टॉकफिशला त्याचा काही उपयोग नाही. (‘लीला’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला मात्र ते लागते.) कार्ड नको असेल, तर पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे ना, एवढे विचारून घ्या. कचेरीतून निघालेला जुना संगणकही चालेल. पंख्यावर मात्र काटकसर नको. सगळे कोअर तासन्‌तास राबले की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की आपणहून वेग कमी करतो. त्यात आपला मे महिना आणि आपली धूळ! महिन्यातून एकदा पंखा ब्रशने झाडायचे काम मुलांकडे द्या.

आणि हो, स्टॉकफिशच्या सेटिंगमध्ये ‘थ्रेड्स’ असा रकाना असतो. मुळात तिथे १ हा आकडा असतो. तो बदलला नाही, तर सहा कोअरच्या यंत्रातही एकच कोयता चालेल आणि बाकीचे पाच बांधावर बसून राहतील.