खिडकी

2019 सालचा उन्हाळा. धाकटा नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. सोलापूरचं ऊन असं, की दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. भांडी आवरून मी जरा आडवी झाले होते. तोच बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "दो गिर गये! तीसरा घर में छुपा है, बम डाल अंदर!"

मी धावतच गेले. आधी फोन हिसकावून घेतला असं कुणाला वाटेल. नाही. आधी रस्त्याकडची खिडकी लावली.

तो पबजी खेळत होता. शंभर जण पॅराशूटनं एका बेटावर उतरतात, बंदुका गोळा करतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. त्याच्या टोळीत चौघं होते. त्यातला एक शेजारच्या काकूंचा नातू. तोही आपल्या ओट्यावर बसून अगदी हेच ओरडत होता. काकू आतूनच म्हणाल्या, "मेल्या, हळू ओरड की. डोळा लागत होता आत्ता." एवढंच. त्यांनी खिडकी लावली नाही.

खेळ एक, वाक्य एक, वयही एकच. त्यांच्या पोराच्या ओरडण्यानं झोपमोड झाली. माझ्या पोराच्या ओरडण्यानं माझ्या पोटात गोळा आला. रस्त्यावरून जाणाऱ्यानं ऐकलं तर? पुढंमागं कुणी फोन तपासला आणि त्यात त्याच्या नावाखाली बंदूकवाल्याचं चित्र सापडलं तर? त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी हा खेळ खेळण्यावर बंदी घातली होती आणि खेळणाऱ्या काही तरुणांना पकडलंही होतं. ती बातमी मी दोनदा वाचली होती.

धाकट्याला वाटलं, अम्मीला खेळ आवडत नाही. तो समज मी तसाच राहू दिला. खरं कारण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला सांगायला जीभ उचलली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी मराठी शिकवते. आठवीच्या वर्गात एका मुलानं दुसऱ्याच्या डोक्यात पाण्याची स्टीलची बाटली घातली. तीन टाके पडले. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली आणि निकाल दोन मिनिटांत लागला : मोबाईलवरचे गेम. हा शब्द सगळ्यांत आधी कुणी उच्चारला? मीच. घरातली भीती मी शाळेत घेऊन गेले होते.

मुख्याध्यापकांनी मला त्या मुलाच्या घरी पाठवलं. पत्र्याची खोली, दारात विड्यांची सुपं. आई पानं कातरत होती. मी उपदेशाच्या तयारीनं विचारलं, "किती वेळ खेळतो मोबाईलवर?" ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "बाई, घरात एकच फोन. त्यो पण बटणाचा. ह्यांच्या खिशात असतोय." मग तिनं पोराला जवळ ओढलं आणि सदरा वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. जुने आणि ताजे.

मी परत आले ती मान खाली घालून. त्या पोरानं मारणं कुठं शिकलं, ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं. आणि आम्ही शिकलेली माणसं ते त्याच्याकडं नसलेल्या फोनमध्ये शोधत होतो.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. 1999 साली अमेरिकेत कोलंबाईनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ती मुलं 'डूम' नावाचा खेळ खेळायची, म्हणून खेळावर खापर फुटलं. पण तोच खेळ लाखो मुलं खेळली आणि मोठी होऊन नोकऱ्यांना लागली. मुलांना हिंसक खेळ विकू नयेत असा कायदा कॅलिफोर्नियानं केला, तो 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं, की अशा खेळांचा ओरडण्याशी, ढकलाढकलीशी थोडा संबंध दिसतो; पण खऱ्याखुऱ्या हिंसेचं कारण हे खेळच, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

हे वाचलं आणि मला मामू आठवले. जानेवारी 1993 मध्ये ते मुंबईहून आमच्याकडं आले, ते एका कापडी पिशवीसह. जोगेश्वरीला त्यांचं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान होतं. ते जळलं. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. दोन्हीकडची गेली. मामूंना दुकानाचं दुःख होतंच, पण ते पुन्हा पुन्हा एकच सांगायचे, "बेटी, त्यात दोन पोरं अशी होती, की माझ्याकडून उधारीवर वह्या न्यायची." त्या पोरांच्या हातात कुठला गेम होता? त्यांना पेटवणारी वडीलधारी माणसं होती आणि ती शाबासकी देत होती.

याचा अर्थ खेळ निर्दोष, असं मी म्हणत नाही. त्या खेळानं माझ्या पोराची झोप खाल्ली. फजरला उठवायला गेलं की डोळे लालभडक. दहावीचं वर्ष हातातून निसटता निसटता राहिलं. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं पबजीवर बंदी आणली, ती चीनशी सीमेवर तणाव असताना, देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन. आठ दिवसांत धाकट्यानं दुसरा खेळ शोधला. शेवटी रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन माझ्या कपाटात, असा नियम आम्ही केला. अब्बांचाही. अब्बांचा फोन कपाटात गेला, तेव्हाच त्यानं आपला दिला.

पालक सभेत आया अजूनही विचारतात, "बाई, ह्या गेमनं पोरं बिघडतात ना?" मी म्हणते, झोपेसाठी फोन जरूर काढून घ्या. पण पोरगं हात उगारायला लागलं, तर फोन बघण्याआधी त्याची पाठ बघा. त्याला घरात कोण मारतं, गल्लीत कोण चिथवतं, ते विचारा.

धाकटा आता फार्मसी शिकतो. सुट्टीत आला की कधीमधी खेळतो, ओरडतोही. मागच्या ईदला आला होता, तेव्हा त्यानंच विचारलं, "अम्मी, तू तेव्हा खिडकी का लावायचीस गं?"

या वेळी मी खरं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

कधीपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही.