ताईंचं पाणी

मिठाचा स्फटिक आणि प्रथिनाचा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच देखणे दिसतात. खरं-खोटं करायचं तर बारीक सुईनं टोचून बघायचं. मीठ असेल तर सुईला कडक लागतं, कट्‌कन तुटतं. प्रथिन असेल तर सुई रुतते आणि भुगा होतो, कारण त्याचा साधारण निम्मा भाग पाणीच असतो. म्हणजे खरं आहे हे कळतं तेव्हा ते हातचं गेलेलं असतं. १९९६ साली पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या पहिल्या स्फटिकावर सुई धरली ती ताईंनी. माझा हात कापत होता.

"वाजलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पेढे आण."

ताई तांत्रिक साहाय्यक होत्या. तळेगावहून लोकलनं यायच्या, डबा दोन माणसांचा आणायच्या, कारण माझ्या डब्याचा त्यांना भरवसा नव्हता. यजमान पिंपरीला 'पेनिसिलीन'मध्ये होते. १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला त्या भागातलं कुणी पूर्ण नावानं ओळखत नसे. कंपनी म्हणजे पेनिसिलीन. "आमच्या घरातले दोन्ही पगार एकाच बुरशीचे," असं ताई म्हणायच्या. यजमानांच्या कारखान्यात बुरशी पेनिसिलीन तयार करायची आणि आमच्याकडे त्याला कापणारं जिवाणूंचं विकर होतं, पेनिसिलीन ॲसायलेज.

हे कापणं मोठं नाजूक. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी ते १९४५ साली दाखवलं. सगळी औषधी ताकद त्या कड्यात. नवी औषधं करायची तर शेजारची शेपटी तोडायची, पण कड्याला धक्का लागता कामा नये. रसायनांनी हे साधायला उणे ४० अंशांपर्यंत थंडावा आणि जहाल द्रावणं लागत. विकर तेच काम कोमट पाण्यात करतं. उरलेल्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन. घरोघरी तापात दिलेल्या त्या कॅप्सूलमागे हा एवढा व्याप आहे.

विकर नेमकं कुठे धरतं आणि कसं कापतं, हे बघायचं तर त्याचा स्फटिक हवा, आणि स्फटिकासाठी विकर निखळ हवं. ते ताईंचं राज्य. मे महिन्यात बाहेर रस्ता वितळत असायचा आणि ताई कोल्डरूममध्ये, ४ अंशांत, स्वेटर-कानटोपी घालून अमोनियम सल्फेट चिमटीचिमटीनं टाकत उभ्या. मीठ वाढवत नेलं की एकेक प्रथिन साक्यासारखं खाली बसतं. "घाई केलीस तर फेस येईल, आणि फेस आला की ते मेलं." भांडं ढवळायची त्यांची एक गती होती. मी पुष्कळ प्रयत्न केला, मला ती जमली नाही.

आणि पाणी. संस्थेचं शुद्ध पाणी त्यांना चालत नसे. सकाळी आल्या आल्या काचेच्या यंत्रातून स्वतः दोनदा ऊर्ध्वपातन करून घ्यायच्या आणि बाटलीच्या गळ्याला लाल चिकटपट्टी लावायच्या. त्या बाटलीला हात लावणाऱ्या एका पीएचडीवाल्याला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. मला हा सोवळ्यातला प्रकार वाटायचा.

त्या काळी क्ष-किरणांसमोर धरायचा स्फटिक केसासारख्या बारीक काचनळीत, त्याच्याच द्रावणाच्या थेंबासोबत ठेवून दोन्ही टोकं मेणानं बंद करत. आमचा सर्वांत मोठा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा स्फटिक मी नळीत चढवला, एक टोक बंद केलं आणि फोन आला म्हणून उठले. परत आले तर तो वाळून तडकला होता. ट्रेमध्ये दुसरा तसा नव्हता, विकरही संपलेलं. मी तिथेच रडायला लागले. ताईंनी नळी उजेडात धरून बघितली, म्हणाल्या, "तोंड धुऊन ये. सोमवारी कल्चर लावू." पुढचे चार आठवडे त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. त्यातल्या कित्येक रात्री शेवटच्या लोकलनं गेल्या. सरांच्या कानावर एक शब्द घातला नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कच्या गटानं १९९५ साली ई. कोलायच्या पेनिसिलीन जी ॲसायलेजची रचना छापली होती. १९९९ साली पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यॉर्कबरोबर पेनिसिलीन व्ही ॲसायलेजची रचना दिली. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. दोन्हींत गंमत एकच: कापणारं पातं अमिनो आम्लांच्या साखळीच्या अगदी पहिल्या मण्यात. एकात तो सेरीन, दुसऱ्यात सिस्टीन. त्या मण्याच्या आधीचा तुकडा गळून पडल्याशिवाय विकराला धार येत नाही. जिवाणू ते म्यानातच बनवतो.

आमचाही लेख निघाला. लेखकांत माझं नाव पहिलं. ताई शेवटी आभारात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल' या एका ओळीत, आद्याक्षरासह. ते आद्याक्षरही चुकलेलं. प्रुफं मीच तपासली होती. तेव्हा खटकलं नाही, हे आता खटकतं.

छापून आल्यावर मी त्यांना संगणकासमोर बसवलं. निळ्या जाळीत गुंफलेली साखळी फिरवून दाखवली, पहिला मणी दाखवला. त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"हे लाल ठिपके कसले गं? सगळीकडे शिंपडल्यासारखे."

"पाणी, ताई. स्फटिकात जागच्या जागी बसलेले पाण्याचे रेणू."

"कुठलं पाणी?"

मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांना कळलं होतं. चष्मा पुसून त्या पुढे सरकल्या.

"किती आहेत?"

"तीनशेच्या वर."

"म्हणजे बाटली जपायचे ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या, आणि डबा आवरायला उठल्या, कारण लोकलची वेळ झाली होती.