काशी दिसली म्हणजे चुकलं

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. काशीतलं धुकं सरलं होतं आणि लू सुरू व्हायला अजून अवकाश होता. मानमंदिर घाटावरच्या वाड्याच्या गच्चीत सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली यंत्रं आहेत. त्यातल्या सम्राट यंत्राच्या भिंतीला टेकून मी बसले होते, आणि त्याच वेळी माझी भाची आकाशात एकटी होती.

ती फुरसतगंजला विमान चालवायला शिकते. रायबरेलीजवळचं हे गाव. नाव ठेवणाऱ्याने विनोदच केलाय, कारण तिथल्या पोरांना फुरसत कशी ती नसते. पहाटे उठून आधी हवामान बघायचं. डिसेंबर-जानेवारीत गंगा-यमुनेच्या मैदानावर धुकं असं बसतं की दिवसचे दिवस विमानं जागची हलत नाहीत. ते उठलं की सगळ्यांची एकच घाई, तास भरून काढायची. त्या घाईतच तिची एकटीची क्रॉस-कंट्री ठरली.

क्रॉस-कंट्री म्हटल्यावर मला आधी चिखलातून धावणारी शाळेची पोरं आठवली. विमानातली ती नुसती परगावी जाऊन येण्याची परीक्षा. आपल्या धावपट्टीभोवती घिरट्या घालून उतरणं वेगळं, आणि ओळखीची पाण्याची टाकी नजरेआड झाल्यावरही आपण कुठे आहोत हे सांगता येणं वेगळं. खासगी वैमानिकाच्या साध्या परवान्यालाही चाळीस तासांच्या उड्डाणात पाच तास अशी एकट्याने वाट काढावी लागते. त्यात एक फेरी किमान 150 नॉटिकल मैलांची, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वर, आणि दोन परक्या विमानतळांवर उतरून. तिचे दोन ठरले होते: आधी काशीचं बाबतपूर, मग लखनऊ.

आदल्या रात्री तिने फोनवर मला सगळा हिशेब वाचून दाखवला. मला त्यातलं काय कळणार! पण ऐकायला कुणीतरी हवं होतं. फुरसतगंज ते बाबतपूर साधारण 93 मैल, रोख 120 अंशांच्या आसपास, वेळ पन्नास मिनिटं. नकाशावर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारायची आणि त्या रेघेवर खुणेची गावं शोधायची. पहिलं प्रतापगड, तिथे सई नदी आणि रेल्वेचे फाटे. पुढे मछलीशहर. प्रत्येक गावापुढे तिथे पोचायची वेळ लिहायची. वारा पश्चिमेचा असेल तर विमानाचं नाक किती वळवायचं, इंधन किती जळेल, किती उरेल, सगळं कागदावर. हवाई दलाच्या परवानगीचा नंबरही त्याच कागदावर. घड्याळसुद्धा ग्रिनिचचं, म्हणजे आपल्या साडेदहाला तिचे पाच.

प्रतापगड ऐकून वाईला बसलेली आमची आजी फोनवरच म्हणाली, "तिथे कशाला गं कडमडतेस, खानाला मारला तिथे?" हे प्रतापगड ते नव्हे, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.

"खाली बघून जायचं नाही का सरळ?" मी विचारलं.

"मावशी, खाली बघितलं की सगळी गावं सारखीच दिसतात. आपल्याला हवं तेच गाव दिसायला लागतं. म्हणून आधी घड्याळ बघायचं, मग नकाशा, आणि मग जमीन."

हा क्रम मला फार आवडला. उलट्या क्रमाने गेलं की माणूस एखाद्या भलत्याच गावाला मछलीशहर समजतो आणि मग पुढची सगळी गावं त्या चुकीत बसवत जातो. एका अंशाची चूक साठ मैलांवर एक मैल होते. पाच अंश ढळलं तर बाबतपूर आठ मैलांनी बाजूला राहणार, आणि सकाळच्या पांढुरक्या धुरकटात आठ मैलांवरचं काही दिसत नाही.

आणि मग तिने ते वाक्य सांगितलं. तिच्या शिक्षकांनी रेघेच्या शेवटापुढे गंगेवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारून दिली होती. विमानतळ शहराच्या वायव्येला, घाटांपासून वीसेक किलोमीटर अलीकडे. हुकला तर सहा-सात मिनिटांत गंगा आडवी येते. तिथे ती उत्तरवाहिनी, एका काठाला घाटांची चंद्रकोर, दुसऱ्या काठाला मोकळी वाळू. असं एकतर्फी शहर वरून दुसरं कुठलं वाटणारच नाही. "गंगा दिसली की वळायचं. काशी दिसली म्हणजे चुकलं."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. आमच्याकडे नुसतं 'काशीला जाईन' म्हणत राहिलं तरी पुण्य लागतं, अशी समजूत. आजीने तेवढ्यावरच आयुष्य काढलं. वाईला दक्षिण काशी म्हणतात, कृष्णेचा घाट दाराशी आहे, तिने तोच गोड मानून घेतला. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेले आणि काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांना वाट चुकायला दोन-अडीच वर्षं होती. उलट 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेणाऱ्या आंरी पेके या फ्रेंच तरुणाला चुकायला जागाच नव्हती. साडेसहा हजार पत्रं आणि जेमतेम दहा किलोमीटर. भाचीच्या वाट्याला पन्नास मिनिटं आली होती.

सम्राट यंत्राच्या भिंतीवरून मी हात फिरवला. तिचा उतार काशीच्या अक्षांशाइतका, पंचवीस अंशांच्या जरासा वर, आणि तोंड बरोबर ध्रुवाकडे. शेजारच्या दिगंश यंत्रावर ग्रहताऱ्यांची दिशा अंशांत मोजत. भाचीच्या 120 अंशांचीच ही भाषा, फक्त दगडात. खाली नावाडी गिऱ्हाइकं हाकारत होते. पलीकडची वाळू उन्हात नुसती पांढरी. मी सारखी आभाळाकडे बघत होते. ती आली तर आपल्याला दिसेल, हा वेडेपणा. मग एकदम लक्षात आलं की मी तिच्या चुकीची वाट बघतेय. गच्चीवरून विमान दिसावं असं वाटणं म्हणजे तिने बाबतपूर हुकवावं असं वाटणं. मी उठले आणि नदीकडे पाठ करून बसले. हसू नका, बसले खरी.

दहा वाजून वीस मिनिटांनी निरोप आला: "उतरले. दोन मिनिटं उशीर."

तिला भेटणं शक्य नव्हतं. ती धावपट्टीच्या आतल्या बाजूला, मी बाहेरच्या जगात. तासाभरात इंधन, कागद, सही, आणि पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण, काशीकडे पाठ. रात्री तिघींचा फोन झाला. आजीचा पहिलाच प्रश्न, "दिसली का गं काशी?"

"नाही आजी. धुरकट होतं. आणि मी बरोबर पोचले."

आजी गप्प झाली. मग म्हणाली, "जाऊन आली ना? मग मावंदं घालायलाच हवं."

मी गंगेच्या पाण्याने तांब्याचा गडू भरला, दशाश्वमेधाच्या गल्लीत तो झाळून घेतला. गेल्या आठवड्यात वाईला मावंदं झालं. पुरणपोळी होती, शेजारची माणसं होती, गडूची पूजा झाली. भाची आली नाही. त्या दिवशी हवा चांगली होती.