ऊसतोडीच्या गावातली शाळा

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे, पहिली ते चौथीची. दसरा उलटला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या चकरा गावात वाढतात. दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टर भरतात आणि निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर निघून जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे दोघांनाही जावं लागतं. पोरं बरोबर जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊन मेच्या तोंडाशी संपतं. म्हणजे वर्षाचा मधला सगळा भाग या मुलांचा जातो उसाच्या फडात.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू लागला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आलं. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं, ही कल्पना चांगली. पण फड सारखा बदलतो, मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, गावापासून लांब असतात, आणि कर्नाटकात गेलेल्या मुलासमोर कन्नड शाळा उभी राहते. कायद्यानं नाव पटावर टिकलं. एप्रिलात परत आलेलं, तिसरीत बसलेलं आणि जोडाक्षरापाशी अडलेलं मूल मात्र मागच्या भिंतीला टेकून बसून राहायचं.

आमच्याकडे बदल सुरू झाला तो बसण्यापासून. मुलानं स्वतः करून पाहत शिकायचं, या ज्ञानरचनावादाची चर्चा तेव्हा शिक्षकांत जोरात होती. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. आम्हीही फरशीवर आकृत्या रंगवल्या, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर भिंतभर फळा केला, मणी-माळा, चिंचोके आणले. पण खरा उपयोग झाला तो सकाळचे पहिले दोन तास इयत्ता बाजूला ठेवल्यामुळे. अक्षरवाले एका गटात, शब्द-वाक्यवाले दुसऱ्यात, सलग वाचणारे तिसऱ्यात. चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी बसून शब्दडोंगर रचू लागला. परत आलेल्या मुलाला ‘मागे पडलेला’ म्हणायची सोय उरली नाही. तो जिथे थांबला होता, तिथला गट त्याच्यासाठी तयार असतो.

वर्षाची मांडणीही त्याच हिशेबानं बदलली. कोणती घरं जाणार हे जूनमध्येच माहीत असतं. त्या मुलांचं वाचन आणि संख्याज्ञान दिवाळीपूर्वी जेवढं पक्कं होईल तेवढं करून घ्यायचं; कार्यानुभव, सहल, स्नेहसंमेलन पुढे ढकलता येतं.

काही मुलं आता आजी-आजोबांकडे गावातच मागे राहतात ती हंगामी वसतिगृहामुळे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या या योजनेत मुलांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. मी एका आजीला हे समजावत होतो, तर त्या म्हणाल्या, “गुरुजी, भाकरीचं भागलं वो. पर रातची पोरगी आईसाठी रडती, तवा म्या काय करू?” योजनेच्या कागदात याला रकाना नाही. आम्ही फोनची वेळ ठरवली. तोडणीवरून पालक संध्याकाळी कोपीवर आले की शाळेच्या फोनवरून बोलायचं. व्हिडिओवर बाप विचारतो, “काय शिकलीस?” आणि पोरगी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवते. राहणाऱ्या मुलांची संख्या त्यानंतर वाढली.

परतलेल्या एका मुलीचा प्रश्न वेगळाच होता. धाकटा भाऊ कडेवर घेऊन ती दारात उभी राहायची. आई रोजगाराला जायची, आणि फडावरही त्याला तीच सांभाळत होती. भावाला घरी ठेवून ये म्हणणं म्हणजे तिलाच घरी पाठवणं. आम्ही कोपऱ्यात सतरंजी टाकली, ठोकळे दिले. तो ठोकळे मांडतो, ती वाचते. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हा कोणत्या वर्गातला?” आमच्या सहकारी बाई म्हणाल्या, “हा बसतो म्हणून ती बसते, सर.”

फडावरून मुलं रिकामी येत नाहीत, हेही वर्गात दिसलं. गुणाकार घेताना मी विचारलं, “एक कोयता रोज दीड टन ऊस तोडतो, तर दहा दिवसांत किती?” हातच्याच्या गणितात हमखास चुकणारा मुलगा लगेच म्हणाला, “पंधरा टन. पण सर, कारखाना बंद पडला तर दोन दिवस खाडा. मग बारा.” पाठोपाठ दुसऱ्यानं वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किती पैसे सुटतात ते सांगितलं. तिसरीनं उचलीतून तोडणीचे पैसे वजा करायला घेतले. त्या दिवशी फळ्यावरची गणितं मुलांनीच घातली. एरवी गप्प बसणारी परतलेली मुलं बाकीच्यांना मोळी, खेप, वजनकाटा समजावून सांगत होती.

सगळं जमलंय असं नाही. वसतिगृहाचा निधी उशिरा येतो, तोवर किराणा उधारीवर चालतो. चौथीनंतरची शाळा लांब आहे. मुली तिथवर पोचतात, पण सातवी-आठवीनंतर लग्न लावून नवा कोयता उभा करायची घाई घराला होते. तिथे आमच्या वर्गातल्या गटांचा हात पोचत नाही. त्यासाठी जवळ शाळा हवी, मुलींना वसतिगृह हवं आणि आईबापांना गावात काम हवं.

आमच्या हातात होतं तेवढं एवढंच की मुलाला शाळेच्या वेळापत्रकात कोंबण्याऐवजी वेळापत्रक मुलाच्या घराकडे बघून आखायचं. आता शाळेत नवीन शिक्षक आले की पाठ्यपुस्तकांच्या आधी त्यांच्या हातात एक वही देतो: कोणत्या घरचा कोयता कोणत्या मुकादमाबरोबर जातो, मागे कोण राहतं, फोन कुणाचा लागतो. शिकवणीचं टाचण त्यानंतर काढायचं.