तीस पत्त्यांचा संसार

मैत्रिणींनो, पत्ते म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे मे महिन्याची सुट्टी उभी राहते. बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट! कॅटमधला एखादा पत्ता हमखास हरवलेला असायचा. मग जोकरवर पेनने 'किलवर छक्की' असं लिहून काम भागवायचं. त्या खेळांत एक बरं होतं, बावन्न पत्ते सगळ्यांना सारखेच. वाटणीत जे येईल ते आपलं. हरलो तर नशिबाला बोल लावायचा आणि पुन्हा पिसायला घ्यायचं.

आज मी ज्या खेळाबद्दल लिहिते आहे, त्याची तऱ्हा निराळी आहे. घरात बारा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या जातीचा एखादा खेळ तुम्ही फोनवर पाहिलाही असेल. नाव 'हार्थस्टोन'. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो २०१४ साली आणला. आमच्याकडे तो दहावीतल्या कन्येमुळे शिरला आणि हल्ली रात्री ओटा आवरून झाला की अर्धा तास मीही खेळते. हसू नका! विणकामाचे टाके मोजणाऱ्या बाईला ह्यातलं काही अवघड नाही.

ह्या खेळात कॅट आपला आपण जुळवायचा. मुलं त्याला 'डेक' म्हणतात. हजारो पत्त्यांमधून तीस निवडायचे, एकाच पत्त्याच्या फार तर दोन प्रती घ्यायच्या आणि 'लिजेंडरी' म्हणजे अगदी भारी पत्ता असेल तर एकच. ही कल्पना मूळची छापील पत्त्यांची. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी १९९३ साली 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला, त्यात ज्याचा त्याने आपला संच बांधायचा असं पहिल्यांदा गाजलं. पुढे फोनवर आणि संगणकावर आलेले असले खेळ हे त्याचंच गणगोत.

आता डेक बांधायचा म्हणजे काय करायचं? तुम्ही-आम्ही दर एक तारखेला करतो तेच! पहिल्या खेळीला तुमच्याजवळ एक स्फटिक असतो, दुसऱ्या खेळीला दोन, असं वाढत वाढत दहापर्यंत. हा झाला पगार. प्रत्येक पत्त्याला त्याची किंमत असते. कुणी एक स्फटिकात मैदानात उतरतो, कुणाला नऊ लागतात. आणि खेळीत न वापरलेले स्फटिक पुढच्या खेळीसाठी उरत नाहीत. पोस्टात टाकायची सोय नाही! त्यामुळे डेकमध्ये स्वस्त, मध्यम आणि महाग पत्त्यांचं प्रमाण जमावं लागतं.

नवीन खेळणारी मुलं काय करतात, तर दिसायला देखणे, आठ-दहा स्फटिकांचे पत्ते भरून ठेवतात. म्हणजे कपाटात चार भरजरी शालू आणि रोज नेसायला एक सुती साडी नाही, अशातली गत. समोरचा भिडू एक-दोन स्फटिकांचे चिल्लर गडी घेऊन येतो आणि आपला शालू घडीतून निघण्याआधी डाव आटोपतो.

दोन प्रती का घ्यायच्या, हेही कन्येने मला वहीवर मांडून दाखवलं. दहावीला संभाव्यतेचा धडा आहे ना, तो असा कामी आला! तीस पत्त्यांतले दहा हाती येईपर्यंत, एकाच प्रतीचा पत्ता मिळण्याची शक्यता तिनात एक. दोन प्रती असतील तर त्यातली निदान एक मिळण्याची शक्यता शंभरात छप्पन्न. आपण नाही का पिनांची दोन पाकिटं दोन खणांत ठेवत? ऐन वेळी एक तरी हाताला लागावं म्हणून.

हे सगळं साधून तुमचा तीस पत्त्यांचा संसार एकदा नीट लागला की कोण आनंद होतो! पण खरी गोष्ट पुढेच आहे.

छापलेला पत्ता एकदा बाजारात गेला की तो काही घरोघर जाऊन खोडता येत नाही. फारच डोईजड झाला तर स्पर्धेत त्याला बंदी घालायची, एवढंच. फोनमधल्या पत्त्याचं तसं नाही. रात्री तुम्ही झोपता तेव्हा तो चार स्फटिकांचा असतो आणि सकाळी उठून बघता तर पाचांचा! ह्या उतरवण्याला मुलं 'नर्फ' म्हणतात. मऊ स्पंजच्या खेळण्यातल्या बंदुका मिळतात ना, त्यांच्या नावावरून हा शब्द आला. धार काढून घेतली, असा अर्थ.

२०१४ च्या सप्टेंबरात 'लीरॉय जेन्किन्स' नावाचा गाजलेला पत्ता असाच चाराचा पाच झाला. त्याच वेळी 'स्टार्व्हिंग बझर्ड' नावाचा एक भुकेला पक्षी दोनावरून एकदम पाचावर गेला. पुढच्या जानेवारीत 'अंडरटेकर'ची पाळी आली. अवघ्या एका स्फटिकाचा हा पत्ता. त्याची ठरावीक जातीची माणसं मैदानात उतरली की दर वेळी त्याचा जोरही वाढे आणि जीवही. बदलानंतर नुसता जोर वाढू लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये तर एक अख्खा नवा वर्ग खेळात आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे काही पत्ते उतरवत असल्याचं जाहीर झालं. नव्या सुनेचं माप ओलांडून होत नाही तोच 'जरा हळू बोल हं' म्हटल्यासारखंच की!

तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण 'पॅचेस' नावाच्या समुद्री चाच्याची हकिकत ऐकली आणि दुसरी बाजू कळली. हा पत्ता २०१६ च्या डिसेंबरात आला. तुम्ही कोणताही एक चाचा खेळलात की हा न बोलावता डेकमधून उडी मारून बाहेर यायचा आणि आल्या आल्या समोरच्यावर धावून जायचा, तोही फुकटात! मग काय, ज्याच्या त्याच्या डेकमध्ये दोन-चार चाचे आणि हे महाशय. हजारो पत्ते असून जो तो तेच घेऊन बसलेला. सगळ्या भाज्यांना एकच मसाला घातला तर जेवणात राहिलं काय? २०१८ च्या फेब्रुवारीत त्याची ती आल्या आल्या धावून जाण्याची शक्ती काढून घेतली. तो उडी मारून यायचा, पण त्या खेळीपुरता गप्प उभा राहायचा. डाव पुन्हा मोकळा झाला. तेव्हा बदल हवेच. काही बदल जास्त झाले असं वाटून पुढे मागेही घेतले गेले आहेत. मीठ कमी-जास्त झालं तर सुगरणसुद्धा पुन्हा चव घेतेच.

आता ह्यात पैशाची बाजूही आहे, ती आयांनी समजून घ्यावी अशी. हवा तो पत्ता मिळाला नाही तर तो घडवता येतो. त्यासाठी खेळातली 'धूळ' लागते आणि नको असलेले पत्ते मोडून ती मिळते. भारी पत्ता घडवायला १६०० धूळ आणि तोच मोडायला गेलात तर हातात पडतात ४००. साधा पत्ता घडवायला ४० आणि मोडला तर ५. सराफाकडची घट बरी म्हणायची वेळ! पाच-पाच पत्त्यांची बंद पाकिटं विकत मिळतात, खऱ्या पैशांनीही. पण भारी पत्ता सरासरी वीस पाकिटांत एक निघतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. २०२१ पासून पत्त्यांचा एक मूळ संच खेळणाऱ्याला फुकट मिळतो. सुरुवात त्यावरच करावी आणि फोनवरून परस्पर खरेदी होणार नाही, अशी व्यवस्था घरात असावी.

मात्र ह्या व्यवहारातली एक रीत मला फार आवडली. एखादा पत्ता नर्फ झाला की ठरावीक दिवस तो मोडणाऱ्याला घट न धरता पूर्ण धूळ परत मिळते. १६०० चे १६०० ! नियम आम्ही बदलला, तेव्हा खोट तुम्हाला नको, असं त्यातलं तत्त्व. मी कन्येला म्हटलं, "बघ, किती न्यायाचं आहे!"

ती चटकन म्हणाली, "एका पत्त्याचं ठीक आहे गं आई. पण त्याच्या भरवशावर बाकीचे पत्ते घडवले, त्यांची धूळ कोण देणार?"

खरंच होतं. पॅचेस उतरला तेव्हा पॅचेसची भरपाई मिळाली. त्याच्यासाठी जमवलेले बाकीचे चाचे होते तसेच राहिले, त्यांचा आकडाही बदलला नाही. कागदोपत्री त्यांचं काहीच गेलं नाही. पण ज्याच्या आधाराने ते उभे होते, तोच मवाळ झाला. त्यांना मोडायला जावं तर घट द्यायलाच हवी.

मैत्रिणींनो, मुलीचं हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं, कारण त्याच जूनमध्ये आमच्या घरात नेमकं हेच घडलं होतं. मी एका शाळेत सकाळचे तीन तास शिकवते, म्हणजे शिकवत होते. शाळेने वेळ बदलली. सकाळच्या जागी बारा ते तीन. तास तितकेच आणि मानधनही तेच. ज्याला त्याला वाटलं, हिचं बिघडलं काय? "उलट सकाळी निवांत आवरता येईल," असंही एक-दोघींनी सांगितलं.

रात्री मी एक कागद घेतला आणि मधोमध 'सकाळची शाळा' असं लिहून त्याच्या आधाराने काय काय उभं आहे ते भोवती लिहीत गेले. सासूबाईंना एक वाजता गरम भात आणि त्यावर गोळी. नळाला एक दिवसाआड दोन वाजता पाणी येतं, ते भरणं. धुण्याभांड्याची बाई साडेबारालाच येते, तिला दुसरी वेळ नाही. साडेतीनला माझ्याकडे शिकवणीला येणारी पाच मुलं, त्यांच्या वह्या त्याआधी तपासणं. कागद भरत गेला. मानधनाचा आकडा तेवढा जिथल्या तिथे होता! नोकरी सोडावी का, असा विचार त्या रात्री माझ्या मनात खरोखर आला होता. ती एवढीशी नोकरी, पण त्या तीन तासांत मी कुणाची सून नसते की कुणाची आई नसते. मुलं 'बाई' म्हणतात, तेवढंच माझं नाव असतं.

कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. भांडले नाही, रडलेही नाही. म्हटलं, "ह्यातलं एक बदललंय आणि बाकीचं सगळं हललंय. जरा बघता का?" ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ह्यांचं ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर आहे. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन ह्यांनी सासूबाईंचं ताट वाढायचं आणि पाण्याच्या दिवशी नळ बघायचा, असं ठरलं. बाईंसाठी किल्ली शेजारच्या वहिनींकडे. शिकवणी संध्याकाळी सातला नेली. त्यात लांबून येणारी दोन मुलं सुटली, तेवढं उत्पन्न कमी झालं ते झालंच. त्याची धूळ कुणी दिली नाही. पण नोकरी राहिली. आणि सासूबाई आता लेकाने वाढलेल्या भाताचं कौतुक चारचौघांत सांगतात, हा आमच्या नव्या डेकमधला न मागता आलेला भारी पत्ता!

तेव्हापासून घरात काहीही बदलायचं झालं की मी ह्या हिशोबाने बघते. बदल होणारच. सून येते, मुलगा परगावी शिकायला जातो, सासऱ्यांची पेन्शन सुरू होते, कुणाचं दुखणं निघतं. पण बदल करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. आधी सांगावं. का करतोय ते सांगावं. आणि फक्त बदललेल्या पत्त्याकडे न बघता त्याच्या आधाराने उभ्या असलेल्यांची चौकशी करावी. सासूबाईंना 'आता तुम्ही स्वयंपाकघरातून मोकळ्या' म्हणताना, त्यांची सकाळ कशाने भरणार, हेही बघायला हवं. मुलाच्या फोनची वेळ कमी करताना, त्याच वेळी तो ज्या मित्रांशी बोलतो त्यांचं काय, हे एकदा विचारायला हवं. सगळं भरून देता येईलच असं नाही. निदान विचारलं तरी समोरच्याला कळतं, की आपल्या तीसही पत्त्यांवर कुणाची तरी नजर आहे.

आणि बदल आपल्यावर येतो तेव्हा? तेव्हा कागद घ्यावा. मनातल्या मनात धुसफुसणाऱ्या बाईला सगळे म्हणतात, 'हिचं बिघडलं काय?' पण बिघडलेलं एकेक करून लिहून पुढे ठेवलं, की तेच लोक चष्मा लावून वाचतात. तुमच्या घरात नुकतंच काही बदललं असेल, तर आज दुपारी पाच मिनिटं काढा. मधोमध बदललेला पत्ता लिहा आणि भोवतीचे मोजा. किती निघतात ते बघा!