खरकटे पाणी

आमच्या घरी भांडी घासण्याचे यंत्र आहे, ही गोष्ट आम्ही चारचौघांत सहसा सांगत नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या सोसायटीत कुणी गाडी घेतली तर पेढे वाटले जातात, डिशवॉशर म्हटले की मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी एक प्रश्न उमटतो, "कढई निघते का हो त्यात?" आणि मग दुसरा, न उच्चारलेला, "एवढे काय अडले होते?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक, चाळिशी ओलांडलेले, पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली तरी वर्षभर नुसती चर्चा करणारे. यंत्रांशी आमचे नाते बटण दाबण्यापुरते. पण २०२५च्या जुलैत हे यंत्र गळू लागले आणि आम्हाला त्याच्या पोटात हात घालावा लागला.

ते घरात आले कसे, हे आधी सांगायला हवे. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, लोकल बंद झाल्या आणि भांडुपच्या टेकडीवरून येणाऱ्या आमच्या मावशींचे येणे थांबले. (मावशी आमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत, पण मुंबईच्या उपनगरांत भांडी घासणारी बाई वयाने नव्हे, कामाने मावशी होते.) आम्ही दोघे आळीपाळीने ओट्याशी उभे राहून भांडी घासत होतो आणि मधल्या वेळात संगणकासमोर बसून, चेहरे न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना श्रमाचे साहित्यातील चित्रण समजावून सांगत होतो. एप्रिल-मे महिन्यांचा पगार आम्ही मावशींना पूर्ण दिला; जूनपासून अर्धा. ऑक्टोबरात छत्तीस हजार रुपये मोजून यंत्र आणले. त्याच महिन्याच्या २१ तारखेपासून सर्व महिलांना लोकलची मुभा मिळाली आणि नोव्हेंबरात मावशी दारात उभ्या राहिल्या. मोरीशेजारी ज्या जागी त्या पाटावर बसत, तिथे आता एक पांढरी पेटी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि पदर खोचून केरसुणी घेतली. आम्ही म्हणालो, "आता कढई, कुकर आणि तवा एवढेच घासायचे, बाकी केर-फरशी." पगारातून महिना सहाशे रुपये कमी झाले. त्यांनी वाद घातला नाही. त्या वेळी या गोष्टीचे आम्हाला बरे वाटले होते.

आता गळतीकडे. मुलुंडच्या पावसाळ्यात ओल ही काही बातमी नसते. चपला, चादरी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सगळेच दमट. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे काका आपल्या स्वयंपाकघराच्या छताला पडलेला डाग दाखवायला घेऊन गेले तेव्हा आम्ही बाहेरच्या भिंतीला दोष दिला. सेक्रेटरींनी वॉटरप्रूफिंगचा विषय काढला. खर्च कोणी करायचा यावरून काकांशी दोन शब्द झाले. ते पंधरा वर्षांचे शेजारी; गणपतीचा शिरा त्यांच्याकडून आमच्याकडे आणि मोदक आमच्याकडून त्यांच्याकडे जाणार हे ठरलेले. त्या आठवड्यात जिन्यात भेटल्यावर त्यांनी मान फिरवली. भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच असे म्हणतात, पण इथे भांडी आमची आणि आवाज दोन घरांत होता.

छडा लावला तो मावशींनी. फरशी पुसताना यंत्राच्या पुढच्या कडेखाली फडके घालून त्यांनी ते आमच्यासमोर पिळले. "ताई, हे नळाचं पाणी नाही. खरकटं आहे. बोटाला तुपकट लागतंय. रोज लागतंय."

या एका वाक्याची किंमत आम्हाला फार उशिरा कळली. आम्ही आधी कंपनीचा माणूस बोलावला. हमीची मुदत संपलेली होती. त्याने विजेरी मारून पाहिले, तळाचा भाग पंपासकट बदलावा लागेल असे सांगितले आणि अकरा हजारांच्या घरातला अंदाज लिहून दिला. गळती नेमकी कुठे आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ते उघडल्यावर कळेल." उघडण्याआधीच बदलायचे काय हे त्याला कसे कळले, हा प्रश्न आम्हाला तो गेल्यावर सुचला. मास्तरांचे बरेच प्रश्न असेच तास संपल्यावर सुचतात.

मग आम्ही माहितीपुस्तिका वाचायला बसलो, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ते यंत्र काय करते हे आम्हाला समजले. नळाकडून येणारी नळी एका झडपेतून पाणी आत घेते. एका धुलाईला साधारण दहा-बारा लिटर. ते तळाच्या खोलगट भागात जमते, तापवले जाते आणि एक पंप तेच पाणी फिरत्या हातांच्या भोकांतून पुनःपुन्हा भांड्यांवर मारतो. काम झाले की दुसरा, लहान पंप ते घाण पाणी वेगळ्या नळीने सिंकखालच्या सांडपाण्याच्या जोडाकडे ढकलतो. आत मिठाचा एक डबा असतो; ते मीठ भांड्यांसाठी नसते, पाण्यातला जडपणा काढणाऱ्या राळेला ताजे करण्यासाठी असते. मुंबईचे तलावांचे पाणी मुळात सौम्य, म्हणून आम्ही मिठाकडे दुर्लक्ष केले होते. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग येतात ते का, हेही त्याच बैठकीत उलगडले. यंत्राच्या अगदी तळाशी एक तबक असते. गळलेले पाणी त्यात साचले की एक तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि यंत्र स्वतःला थांबवते. आमचे यंत्र थांबत नव्हते. का, ते फरशीवर पाण्याची पातळी ठेवून पाहिल्यावर कळले. जुन्या घरांतल्या स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे उतरती असते, तशी आमचीही. यंत्र पुढे कललेले होते; तबकातले पाणी तो मागचा तुकडा उचलण्याआधीच पुढच्या कडेवरून बाहेर पडत होते.

पहिला रविवार आम्ही दाराच्या रबरात घालवला. रबर हळदीने पिवळे आणि खालच्या कोपऱ्यात काळे झाले होते. ते पुसून लखलखीत केले, गळती तशीच. दुसरा रविवार भांडणात गेला. आमच्यापैकी एकाने पूर्वी एकदा गोळी संपली म्हणून ओट्यावरचा भांड्यांचा द्रव साबण आत घातला होता आणि फेसाने यंत्र भरले होते. सगळे त्यामुळेच झाले असे दुसऱ्याचे म्हणणे. हे दोघे कोण, ते सांगत नाही.

तिसऱ्या रविवारी मावशींचे वाक्य आठवले. पाणी खरकटे आहे, म्हणजे नळाकडची नळी आणि झडप निर्दोष. उरले ते घाण पाण्याचे मार्ग. आम्ही यंत्राखाली वर्तमानपत्र सरकवले आणि परीक्षेच्या पर्यवेक्षकांसारखे घड्याळ घेऊन खुर्च्यांवर बसलो. पाणी भरले, कागद कोरडा. फवारे सुरू झाले, कागद कोरडा. मग सिंकखाली गुडगुड झाली, लहान पंपाचा सूर बदलला आणि मिनिटभरात कागदाच्या कडेला गढूळ डाग उमटला. गळत होते ते पाणी बाहेर टाकताना.

या बैठकीत वेळ भरपूर होता, आणि प्राध्यापकाला मोकळा वेळ मिळाला की तो इतिहासात शिरतो. हे यंत्र व्यवहारात आणले ते जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या लहान गावात. त्यांना पेटंट मिळाले २८ डिसेंबर १८८६ रोजी. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या, हे आम्हाला उगाचच महत्त्वाचे वाटले. कॉक्रेनबाईंविषयी सांगतात ते असे, की नोकरांच्या हातून घराण्यातली चिनी मातीची भांडी टवकत म्हणून त्या चिडल्या होत्या. पुढे नवरा कर्ज ठेवून वारला आणि चिडीची गरज झाली. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, ज्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथे त्यांचे यंत्र मांडलेले होते. पहिली गिऱ्हाइके हॉटेले. म्हणजे या यंत्राच्या जन्माशी भांडी घासणाऱ्याचे दुखणारे हात नव्हते, घासून घेणाऱ्याची नाराजी होती. आमच्या स्वयंपाकघरात ते आले तेही काही वेगळ्या वाटेने नव्हे.

दुरुस्ती सांगण्याइतकी लांब नाही. प्लग काढला, नळ बंद केला, आतले पाणी वाटीने आणि स्पंजाने उपसले. चाळणी काढून पंपाच्या पात्यापर्यंत बोट घातले. तिथे एक चिंचोका आणि कढीपत्त्याचे देठ मिळाले, पण पाते सुरळीत फिरत होते. मग चाळीस-पंचेचाळीस किलोंचे ते धूड दोघांनी मिळून जुन्या गोधडीवर पाठीवर निजवले. तळाचे झाकण चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंनी बसवलेले. तो पाना हार्डवेअरवाल्याकडून आणला. आत विजेरी मारल्यावर दिसले, पंपाच्या तोंडाशी नळी आवळणारी पट्टी गंजून सैल झाली होती आणि तिच्याखाली तेलकट ओघळ. पट्टी बदलली, तीस रुपयांत. पण एवढ्यावर थांबलो असतो तर महिन्याभरात पुन्हा गळले असते, असे हार्डवेअरवालाच म्हणाला: "पट्टी सैल झाली ठीक, पण पाणी जोर का लावतंय ते बघा." सिंकखालचा जोड उघडला. तुपाचा थर, मोहरी आणि भाताची शिते यांनी तो करंगळीएवढा उरला होता. तो खरवडून साफ केला. यंत्र उभे केले, पुढचे पाय फिरवून ते पाण्याच्या पातळीत आणले. नवे वर्तमानपत्र घातले. कागद शेवटपर्यंत कोरडा राहिला.

अकरा हजार वाचले म्हणून आम्ही खूश होतो. ती खुशी कागदावर मांडताना, वाचलेले पैसे म्हणजे मावशींच्या पगारातले किती महिने, असा हिशेब सहज केला आणि पेन थांबले. सहाशे रुपये, नोव्हेंबर २०२० पासून जुलै २०२५ पर्यंत सत्तावन्न महिने: चौतीस हजार दोनशे. यंत्राची किंमत छत्तीस हजार. अजून तीन महिन्यांनी ते पुरते फिटले असते. मध्यंतरी दोनदा आम्ही पगार वाढवला होता, पण तो कापलेल्या आकड्यावर. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यावर एका परिसंवादात आमच्यापैकी एकाने अध्यक्षीय भाषणही केले आहे.

रात्री आम्ही खाली काकांकडे गेलो. ओल आमचीच होती, छत रंगवून देतो, असे सांगितले. काका बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाऊस संपू दे. आता रंग धरणार नाही. बसा, चहा घ्या."

सोमवारी मावशी आल्या. आल्याबरोबर यंत्राखाली फडके घातले, बाहेर काढले, हाताने चाचपले. "कोरडं आहे," म्हणाल्या. आम्ही सहाशे रुपयांचा विषय काढला. या महिन्यापासून पगार पूर्वीच्या हिशेबाने, आणि मागचेही हप्त्याहप्त्याने देऊ, असे सांगताना आमची वाक्ये फार लांबली. पगारवाढ म्हणजे भांडी पुन्हा आपल्याकडे, असे त्यांना वाटले असावे, कारण त्यांनी घाईघाईने हात हलवला. "पैसे द्या ताई, नाही कशाला म्हणू? पण भांडी नको. त्या पाटावर बसून गुडघे गेले होते माझे. सर, हे मशीन बंद पाडू नका."

भांडी नकोतच, असे आम्ही दोघांनी एकदमच सांगितले. त्या फरशी पुसायला वळल्या.

पुढच्या बुधवारी त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत मिक्सर होता, वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली. "फिरतोय, पण पातं फिरत नाही," असे म्हणून त्यांनी तो ओट्यावर ठेवला. आम्ही प्लग लावून पाहिला. मोटर गुरगुरत होती. भांडे उचलल्यावर खालची रबरी चक्री दिसली, तिचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. आमच्यापैकी एक पाना शोधायला गेला.