वाचणारा माणूस नसेल तेव्हा

खजराना, इंदूर. बुधवार, रात्र.

गणपती मंदिराकडची वर्दळ ओसरल्यावर लिहायला बसलो. डोमेनचे नेमसर्व्हर शोधून देणाऱ्या टूलची माहिती लिहायची होती, एआय एजंटांसाठी. माणूस अडला की कुणाला तरी विचारतो. एजंटला टूलबद्दल ठाऊक असतं ते एवढंच, जेवढं मी लिहून ठेवतो.

सगळा वेळ गेला तो रिकाम्या उत्तरावर. ‘एनएक्सडोमेन’ आलं तर ते नाव डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदींत, नाहीच; तरी ते विकत घेता येईलच असं नाही. ‘नोएरर’ आलं पण एनएस (नेमसर्व्हर) नोंद नाही, तर नाव आहे, फक्त त्याचा वेगळा झोन नाही. एक पायरी वर जाऊन विचारायचं. ‘सर्व्हफेल’ किंवा टाइमआउट म्हणजे काहीच ठरलेलं नाही, थोडं थांबून पुन्हा विचारायचं. तिन्हींना ‘सापडलं नाही’ या एकाच पोत्यात कोंबलं, तर एजंट एखाद्याचं चालतं डोमेन बेधडक बंद ठरवेल.

देवनागरी नावांचंही लिहिलं. २०१४ पासून ‘.भारत’ मिळतं, पण डीएनएसमध्ये ते प्युनीकोडच्या रोमन रूपात फिरतं. टूलने दोन्ही रूपं घ्यायला हवीत.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. आज यंत्रंही ती स्वतःहून धुंडाळतात, आणि त्यांच्या उत्तरावर माणसं निर्णय घेतात. म्हणूनच ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक स्पष्ट लिहिणं ही माझी जबाबदारी आहे.